पॉवरलाइन अडॅप्टर का तापतो?

पॉवरलाइन अडॅप्टर घरातल्या विजेच्या तारांमधूनच इंटरनेटचे संकेत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतो. 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर तो मेगाहर्ट्झ वारंवारतेचे संकेत चढवतो. हे काम अहोरात्र चालते, म्हणून त्याचे कोमट लागणे स्वाभाविक आहे. हाताला चटका बसू लागला, तर मात्र बटण ताबडतोब बंद करावे. जळका वास किंवा काळपट डाग असेल, तर तो पुन्हा लावूच नये.

असे काही नसेल, तर गार झाल्यावर अडॅप्टर भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. तिथे तो तापला नाही, तर दोष बहुधा पहिल्या सॉकेटचा. पिना सैल बसल्या, की जोडावरचा विद्युतरोध वाढतो आणि नेमकी तिथेच उष्णता निर्माण होते. असा सॉकेट वायरमनकडून बदलून घ्यावा.

कपाटामागच्या कोंदट जागेतही उष्णता साठते. काही अडॅप्टरांवर जोडसॉकेट असतो; त्यावर इस्त्री किंवा हीटर चालवणे धोक्याचेच.

मोकळ्या जागी, चांगल्या सॉकेटवरही चटका बसतच असेल, तर बिघाड आतला. जुने झालेले कपॅसिटर हे त्याचे एक नेहमीचे कारण. वीज तोडल्यावरही त्यांत काही काळ भार राहतो, त्यामुळे घरी अडॅप्टर उघडू नये, नवा घ्यावा.