गुग्गुळातले स्टेरॉल, रक्तातले कोलेस्टेरॉल

गुग्गुळाशी जालनेकरांची ओळख दोन वाटांनी होते. एक वाट देवघरातल्या धुपाची, दुसरी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या योगराज गुग्गुळाची, त्रिफळा गुग्गुळाची. तिसरी वाट पुण्याच्या पाषाण भागातून जाते. तिच्याविषयी जुन्या जालन्यात काय, खुद्द पुण्यातही फारसे कोणी बोलत नाही. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या डिंकातले स्टेरॉल वर्गातले रेणू वेगळे काढले गेले आणि त्यांची रचना १९७२ साली जगासमोर मांडली गेली. पुढे तीस वर्षे हे रेणू मुंबई-नागपूरच्या रुग्णांपासून अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत फिरत राहिले. आजचे व्याख्यान त्या प्रवासाविषयी आहे.

त्याआधी कोलेस्टेरॉल म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. रक्ततपासणीच्या कागदावर तो एक आकडा असतो आणि आकड्यापुढे बाण दिसला की घरात काळजी सुरू होते. हा पांढरा, मेणचट पदार्थ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयाच्या खड्यांतून मिळाला. त्याची रचना उलगडायला मात्र दीडशेहून अधिक वर्षे लागली. हाइनरिश वीलांड यांना १९२७ चे आणि अडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक याच वर्गातल्या संयुगांवरील कामासाठी मिळाले, पण तेव्हा मांडलेली रचना चुकीची होती. १९३२ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी क्ष-किरणांनी स्टेरॉलचे स्फटिक तपासले तेव्हा त्या रेणूची मापे जुन्या आकृतीत बसेनात. त्याच वर्षी आकृती दुरुस्त झाली. नोबेल मिळालेल्या कामालाही मापाचा हिशोब द्यावा लागला, ही रसायनशास्त्राच्या इतिहासातली फार मोलाची घटना आहे.

दुरुस्त रचनेत कार्बनची चार कडी एकमेकांना चिकटलेली असतात. चार चौकांचा एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. वाडा तोच राहतो, दारे-खिडक्या बदलतात आणि प्रत्येक बदलाबरोबर रेणूचे काम बदलते. कोलेस्टेरॉलमध्ये एकूण २७ कार्बन असतात. त्याची लांब शेपटी छाटली की कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन अशी संप्रेरके घडतात. शेपटीच्या टोकाला आम्ल आले की पित्ताम्ले होतात. कोलेस्टेरॉलच्याच एका पूर्वरूपातले एक कडे त्वचेवर पडणाऱ्या उन्हाने उघडते आणि ड जीवनसत्त्वाची सुरुवात होते. पेशींची आवरणे आणि मेंदू तर कोलेस्टेरॉलशिवाय उभेच राहू शकत नाहीत. त्याला सरसकट विष म्हणणे अन्यायाचे आहे.

शरीर ते स्वतः बनवते, दिवसाला जवळपास एक ग्रॅम. दोन कार्बनच्या ॲसिटेटचे तुकडे जोडत जोडत तीसहून अधिक पायऱ्यांनी हा रेणू तयार होतो. ती साखळी उलगडणाऱ्या कोनराड ब्लॉख आणि फेओडोर ल्युनेन यांना १९६४ चे नोबेल मिळाले. म्हणून अंड्यातला बलक सोडला तरी कित्येकांचा आकडा फारसा हलत नाही. बाहेर जाण्याची मुख्य वाट यकृतातून आहे. तिथे कोलेस्टेरॉलची पित्ताम्ले होतात, ती आतड्यात उतरतात आणि त्यातली बहुतेक पुन्हा शोषली जाऊन यकृतात परततात. ही परतीची फेरी ध्यानात ठेवावी, कारण गुग्गुळाच्या कथेत ती पुढे येते.

ही कथा सुरू होते बनारस हिंदू विद्यापीठात. जी. व्ही. सत्यवती तिथे संशोधन करत होत्या. सुश्रुतसंहितेतले मेदोरोगाचे वर्णन वाचताना त्यांना त्यात आणि रक्तवाहिन्यांत मेद साचण्याच्या आधुनिक विकारात साम्य दिसले. आयुर्वेद मेदोरोगावर गुग्गुळ सांगतो, तर तो तपासून का पाहू नये? आहाराने कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांना त्यांनी गुग्गुळ दिला आणि ते उतरल्याचे १९६६ च्या प्रबंधात नोंदवले. याच सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. जुना ग्रंथ श्रद्धेने वाचायचा आणि त्यातले विधान प्रयोगाच्या कसोटीला लावायचे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीने केल्या. या कथेतला सर्वात आदर वाटावा असा भाग हाच.

मग प्रश्न आला रसायनज्ञांकडे. डिंकात शेकडो पदार्थ असतात, त्यातला काम करणारा कोणता?

पुण्यात डॉ. सुखदेव यांचा गट वनस्पतिज पदार्थांवर काम करत होता. ते १९६० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि १९६४ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. व्ही. डी. पाटील आणि यू. आर. नायक हे त्यांचे सहकारी. गुग्गुळ इथिल ॲसिटेटमध्ये भिजवला की सुमारे निम्मा भाग विरघळतो. मागे उरणारा चिकट गोंद कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने निरुपयोगी निघाला. विरघळलेल्या भागातून आम्ले आणि अल्कली बाजूला काढायची, उरलेले उदासीन मिश्रण स्तंभावरून थेंबाथेंबाने उतरवायचे आणि प्रत्येक थराचा वर्णपट घ्यायचा, असे ते काम. एवढ्या गाळणीतून हाती लागले गुग्गुलस्टेरोन. तेच चार कड्यांचे स्टेरॉइड, पण कार्बन फक्त २१. त्याची दोन रूपे मिळाली. दोन्हींत अणू तेवढेच, फक्त एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी उलटसुलट. ‘टेट्राहेड्रन’ या नियतकालिकात १९७२ साली आलेला तिघांचा निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो.

पुढचे काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने उचलले. इथिल ॲसिटेटच्या अर्काला गुगुलिपिड हे नाव मिळाले, एस. नित्यानंद यांनी रुग्णांवरच्या चाचण्या पुढे नेल्या आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो बाजारात आणला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात शहरे होती, त्यांत मुंबई आणि नागपूर. २०५ रुग्णांनी बारा आठवडे रोज तीन वेळा ५०० मिलिग्रॅम अर्क घेतला. सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी घटले. या टप्प्यात कोणाला काय दिले आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. ते झाकून, तेव्हाच्या क्लोफायब्रेट या औषधाशी तुलना केली तेव्हा घट ११ टक्क्यांवर आली. क्लोफायब्रेटची होती १० टक्के. दोन्ही आकडे एकाच निबंधात छापले आहेत. जाहिरातींनी मात्र मोठा तेवढाच उचलला.

दरम्यान जपानमध्ये अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतली एक कळीची पायरी अडवणारा पदार्थ शोधला होता. त्याच कुळातले पहिले स्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आले. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या उत्तर युरोपीय चाचणीने दाखवले की अशा औषधाने कोलेस्टेरॉल तर उतरतेच, मृत्यूही सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. गुग्गुळाच्या बाजूने मृत्यूंचा असा हिशोब मांडणारी चाचणी झालेली नाही.

तरीही २००२ मध्ये गुग्गुलस्टेरोन पुन्हा प्रकाशात आले, तेही ‘सायन्स’ या नियतकालिकात. यकृतात पित्ताम्लांची चाहूल घेणारा एफएक्सआर नावाचा रिसेप्टर असतो. पित्ताम्ले भरपूर परत आली की तो नवी बनवण्याचे काम मंदावतो. ह्यूस्टनच्या डेव्हिड मूर यांच्या गटाला दिसले की गुग्गुलस्टेरोन हा रिसेप्टर अडवते. उंदरांच्या यकृतातले कोलेस्टेरॉल त्याने घटले आणि ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नव्हता त्यांच्यात घटले नाही. तीस वर्षांपूर्वी पुण्यात वेगळा केलेला रेणू शरीरात कुठे जाऊन बसतो, याचा एक धागा सापडला.

पुढच्याच वर्षी धक्का बसला. पेनसिल्वेनिया विद्यापीठात फिलिप स्झॅपरी यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांवर आठ आठवड्यांची चाचणी केली. कोणाला गुग्गुळ आणि कोणाला बिनऔषधी गोळी मिळते हे झाकलेले होते. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, पाच टक्क्यांनी उतरले. गुग्गुळ घेणाऱ्यांचे चार-पाच टक्क्यांनी चढले. काहींच्या अंगावर पुरळ उठले.

या निकालाने पुण्याचे काम खोटे ठरत नाही. रेणूची रचना तीच आहे, कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा पडताळता येते. रेणू खरा असणे आणि तो माणसाला बरे करणे हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातून काढता येत नाही. अमेरिकेतला आहार वेगळा होता, हा आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. आयुर्वेदाचा एक भेदही इथे आठवतो. नवा गुग्गुळ शरीर भरणारा आणि जुना मेद खरवडणारा, असे निघंटू सांगतात. अर्कातले गुग्गुलस्टेरोनचे प्रमाण मोजून डिंकाचे वय कळत नाही. या भेदाची नीट चाचणी व्हायला हवी. पण ती होईपर्यंत स्टॅटिनची गोळी बंद करून गुग्गुळ सुरू करणे धोक्याचे आहे आणि हे कोणत्याही व्यासपीठावर स्पष्ट सांगितले पाहिजे.

डॉक्टरांची औषधे आणि गुग्गुळ एकत्र घेणेही निर्धास्त नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवले की गुगुलिपिडबरोबर घेतल्यास डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या हृदयरोग-रक्तदाबाच्या औषधांचे रक्तातले प्रमाण घटते. म्हणजे रुग्ण गोळी वेळेवर घेतो आणि तिचा पुरता गुण त्याला मिळत नाही. डॉक्टरांना हे कळण्याचा एकच मार्ग आहे, रुग्णाने वैद्याकडची गोळीही त्यांना दाखवणे.

जालन्याच्या मातीत स्टेरॉल शोधायचेच तर ते सरकीत आहे. कपाशीच्या या बियांतून निघणाऱ्या तेलात सिटोस्टेरॉल असते. ते कोलेस्टेरॉलचे जवळचे भावंड, शेपटीवर फक्त दोन कार्बन जास्त. आतड्यात ते कोलेस्टेरॉलची जागा अडवते, म्हणून कोलेस्टेरॉल कमी शोषले जाते. रोज सुमारे दोन ग्रॅम वनस्पतिज स्टेरॉल पोटात गेले तर एलडीएल आठ-दहा टक्क्यांनी उतरते. पण शंभर ग्रॅम सरकीच्या तेलात ते साधारण तीनशे मिलिग्रॅम असते. दोन ग्रॅम मिळवायला सहाशे ग्रॅमहून अधिक तेल लागेल आणि तेवढ्या तेलाने लाभाऐवजी अपायच होईल. पिशव्यांवरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्दही याच हिशोबाने वाचावेत. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळात नावापुरतेच असते, ते काढून टाकण्याचे श्रेय कोणत्याही कारखान्याचे नाही.

गुग्गुळाचे झाड मात्र मराठवाड्याचे नाही. ते काटेरी, खुजे झुडूप कच्छ-राजस्थानच्या कोरड्या टेकड्यांवर वाढते. सालीला चीर दिली की डिंक पाझरतो. जास्त मिळावा म्हणून खोल चिरा मारल्या की झाड वाळते. मागणी वाढत गेली तशा चिरा खोल होत गेल्या आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली.