सीमेवरचा किल्ला : बेरिकची कहाणी



किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बुरूज, तोफा आणि विजयाच्या कथा उभ्या राहतात. आज मी आपणांस अशा एका किल्ल्याची हकीकत सांगणार आहे, की ज्याच्या दरबाराच्या जागी आता आगगाडीचे स्टेशन आहे.

इंग्लंडच्या अगदी उत्तर टोकाला, ट्वीड नदीच्या मुखाशी बेरिक नावाचे तटबंदीचे गाव आहे. बाराव्या शतकात ते स्कॉटलंडचे भरभराटीचे बंदर होते. लोकर आणि कातडी तेथून परदेशी जात. गाव सीमेवर आणि त्यात श्रीमंत. म्हणून तेथे किल्ला उभा राहिला, आणि म्हणूनच दोन्ही राजांचा डोळाही त्याच्यावर राहिला.

११७४ साली स्कॉटलंडचा राजा विल्यम इंग्रजांच्या कैदेत पडला. सुटकेच्या तहात हा किल्ला त्याला द्यावा लागला. पुढे इंग्लंडचा राजा रिचर्ड सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्याविरुद्धच्या मोहिमेस निघाला. त्याला पैसा हवा होता. ११८९ साली त्याने १०,००० मार्क घेऊन किल्ला परत केला. पाहा, जेरुसलेमच्या लढाईचा हिशेब ट्वीडकाठी मांडला गेला! इतिहासात कोणतेही गाव एकटे नसते.

१२९२ च्या नोव्हेंबरात याच किल्ल्याच्या दरबारात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड न्यायासनावर बसला. स्कॉटलंडच्या गादीवर अनेकांनी दावा सांगितला होता. त्याने जॉन बॅलिओलच्या बाजूने निवाडा दिला. परंतु अवघ्या चार वर्षांत, १२९६ साली, तोच एडवर्ड सैन्य घेऊन बेरिकवर चालून आला. गावात भयंकर कत्तल झाली. फ्लँडर्सचे व्यापारी आपल्या वखारीतच जळून मेले. किल्ल्यातील शिबंदी मात्र शरण आली आणि तिला जाऊ देण्यात आले. ज्यांच्या रक्षणासाठी तट होते, तेच मारले गेले!

त्यानंतर गाव पुनःपुन्हा या हातातून त्या हातात गेले. १३१८ साली स्कॉटलंडकडे, १३३३ साली इंग्लंडकडे, आणि १४८२ साली ते कायमचे इंग्रजांचे झाले. तोफांचा जमाना आल्यावर उंच भिंती निरुपयोगी ठरल्या. १५५८ पासून गावाभोवती बुटका, जाड, नवा तट बांधला गेला आणि जुना किल्ला त्याच्या बाहेरच राहिला. मग त्याचे दगड लोकांनी नेले. १६५० नंतर बांधलेल्या चर्चलाही ते लागले. १८४७ च्या सुमारास रेल्वेसाठी दरबाराची जागाही पाडली गेली. शेजारचा २८ कमानींचा पूल रॉबर्ट स्टीफन्सन यांचा. आपल्या बोरघाटाच्या रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते.

आज तेथे नदीकडे उतरणारी एक भिंत आणि काही पडके बुरूज उरले आहेत. त्या निवाड्याची आठवण फलाटावरील एक पाटी देते.

विद्यार्थी मित्रांनो, इतिहास वाचताना कोणता राजा जिंकला एवढेच पाठ करू नका. गावाचे काय झाले, हेही विचारा. आणि पालकहो, आपल्या गावातील पडका तट, जुना शिलालेख, घरातली जुनी कागदपत्रे मुलांना दाखवा. दगड एकदा हलले की पाटी लावावी लागते. आणि पाटी वाचायला तरी शिकलेली मुले हवीत.