पालक या शब्दाचा अर्थ
(सिमरोल येथे मठाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संस्कृत पाठशाळेतील शिष्याने आंतरजालावर बोलावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु ‘पालक’ हा शब्दच रक्षणार्थक धातूपासून सिद्ध झाला आहे. आणि ज्याचे रक्षण करावयाचे ते मूल मोबाइलच्या द्वारे कोठे कोठे संचार करते हे न पाहता त्याचा अर्थ सांगणे व्यर्थ होय.

येथून जवळच, इंदूर शहरात, २०२५ च्या जुलैअखेरीस सातवीतील एका मुलाने प्राणत्याग केला. मोबाइलवरील खेळात आईच्या कार्डातून सुमारे २,८०० रुपये गेले होते आणि घरचे रागावतील या भीतीने तो ग्रासला होता, असे तेव्हाचे वृत्त होते. रक्कम केवढी आणि भीती केवढी!

याच भीतीवर ठकांचा व्यापार चालतो. खेळात ओळख काढावी, गोड बोलून छायाचित्र मागावे, ते हाती येताच ‘घरी सांगेन’ म्हणून धमकवावे. ज्या घरात मूल निःशंकपणे बोलते तेथे या धमकीचे बळ उरत नाही. आपण मात्र काय करतो? मुलाने काही सांगितले की प्रथम त्याचा मोबाइल हिसकावून घेतो. पुढच्या वेळी ते सांगत नाही. याला मी रक्षण म्हणत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये निराळा मार्ग धरला. सायंकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजताच दीड तास दूरदर्शनसंच व मोबाइल बंद ठेवावयाचे. मला त्यातील विशेष हा वाटतो की, भोंगा थोरांसाठीही वाजे. पिता स्वतः पडद्यात बुडालेला असता त्याचा उपदेश कोण ऐकणार?

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली खरी. परंतु खाते उघडताना मुलाचे जन्मवर्ष खोटे घालणारे पुष्कळदा आपणच असतो!

प्रसंग ओढवलाच तर पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० व बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हे क्रमांक आहेत. विलंब करू नये. धमकीचे संदेश लज्जेने पुसूनही टाकू नयेत, तोच पुरावा असतो. आणि तक्रार लिहिताना मूल शेजारी बसलेले असावे, दाराबाहेर नव्हे.