लेसर छपाईचा कागद



चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे अरण्यासाठीं प्रसिद्ध आहेत. १९८२ पर्यंत तो एकच जिल्हा होता. आपल्या मेजावरील कोऱ्या कागदाशींही या अरण्याचें नातें जुनें आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें वर्धेच्या कांठीं बल्लारपुरास कागदाचा कारखाना चालविला, आणि येथील बांबूच्या लगद्याचे ताव देशभर गेले. बांबू असो वा लाकूड, त्याचे तंतू कागद झाल्यावरही हवेंतील पाणी पितात व परत सोडतात. लेसर प्रिंटरसाठीं कागद घेतांना आणि सांभाळतांना एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली, तर पुष्कळ त्रास वांचेल.

या यंत्रांत ओली शाई नसते. विजेच्या भारानें एक बारीक पूड कागदावर ओढली जाते, आणि सुमारें २०० अंशांपर्यंत तापलेल्या रुळाखालून जातांना ती वितळून तंतूंस चिकटते. कागद दमट असला, तर भार निसटून अक्षरें फिकट उठतात, वाफेनें ताव वळतो, आणि पाणी आटविण्यांतच उष्णता खर्ची पडल्यामुळें पूड कच्ची राहते. उलट चंद्रपूरचा उन्हाळा घ्यावा. पारा ४५ अंशांवर जातो. शुष्क तावांत स्थिर वीज सांठते, आणि दोन-तीन ताव बिलगून एकदम आंत शिरतात.

निवडीचें म्हणाल, तर लेसर छपाईस योग्य असा उल्लेख पुडक्यावर पाहावा. चौरस मीटरास ७५ ते ८० ग्रॅम वजनाचा कागद नित्याच्या कामास पुरतो. ए-फोर आकाराच्या १६ तावांचा एक चौरस मीटर होतो. म्हणून ८० ग्रॅमी कागदाचे ५०० ताव सुमारें अडीच किलो भरले पाहिजेत. स्वयंपाकघरांतील काट्यावर हा हिशेब ताडून पाहतां येईल. शाईच्या प्रिंटरसाठीं केलेला चकचकीत कागद मात्र येथें घालूं नये. त्याचा लेप वितळून रुळास चिकटतो.

पावसाळ्यांत पापडांचा डबा जपतों, तसाच कागद जपावा. पुडक्याचें वेष्टन ओल अडवितें. तें गरज पडेपर्यंत फोडूं नये. पुडकीं जमिनीवर वा ओल्या भिंतीशीं न ठेवतां फळीवर आडवीं ठेवावीं. यंत्रांत त्या दिवशीं लागतील तितकेच ताव घालावे, आणि उरलेले हवाबंद पिशवींत बांधावे.

एवढा खटाटोप कशासाठीं? गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्काचें अधिकारपत्र मिळालें, आणि २०११ मध्यें स्वतःचा बांबू विकण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या रानानें कागद दिला, त्या रानावरील हक्कही अखेर कागदावरच सिद्ध करावा लागला. ग्रामसभेचा ठराव असो, शेताचा उतारा असो वा मुलाचा दाखला असो, कच्च्या छपाईचीं अक्षरें प्रथम घडीवर झडतात. आणि नेमका तेथेंच गट क्रमांक असला म्हणजे?

म्हणून महत्त्वाची प्रत थंड झाल्यावर बोटानें हलकेंच घासून पाहावी. बोट काळें झालें, तर कोरडा ताव घेऊन ती पुन्हां छापावी. कचेरीच्या खिडकीशीं चूक कळण्यापेक्षां ती घरींच कळलेली बरी.