पदवीनंतरची पहिली पायरी : माहिती कोठे मिळते?

(संस्थेच्या पदवीधर विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला, त्यांपैकी कित्येक जण येत्या महिन्या-दोन महिन्यांत एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करण्यासाठी मुंबईला जाणार आहेत. त्यांचे अभिनंदन झालेच आहे. उपदेशही पुष्कळ झाला. तेव्हा उपदेश करण्याऐवजी मी आज आपल्याशी एका साध्या विषयावर बोलणार आहे. नव्या ठिकाणी गेल्यावर लागणारी माहिती कोठे आणि कोणाकडे मिळते, हा तो विषय. मी ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस आहे. टेबलापलीकडे उभ्या राहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. माझा अनुभव असा की, हुशारी कमी पडली म्हणून परत जाणारे थोडे. वेळेवर माहिती मिळाली नाही म्हणून वर्ष वाया गेलेले मात्र बरेच.

असे का होते, ते प्रथम पाहू. आपल्या गावच्या कॉलेजात माहिती तुमच्यापर्यंत चालत येत होती. शिपाई वर्गात नोटीस घेऊन येई, सर ती वाचून दाखवीत, आणि फॉर्म भरायचा राहिला तर कार्यालयातील क्लार्क तुमच्या चुलत्याजवळ निरोप देई. विद्यापीठात असे कोणी करणार नाही. तेथे तुम्हांला मोठे समजले जाते. सूचना फलकावर लागली किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आली, की ती तुम्हांला समजली असे धरतात. ज्या घरात थोरला भाऊ किंवा मामा विद्यापीठात शिकलेला आहे, त्या घरातील मुलाला ही रीत ठाऊक असते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात विद्यापीठाची पायरी चढणारे तुम्हीच पहिले आहात. म्हणून ही रीत तुम्हांला शिकून घ्यावी लागेल.

पहिली गोष्ट, आपला विभाग. ज्या विषयात प्रवेश घेतला त्या विभागाचे कार्यालय हे तुमचे घर समजा. पहिल्याच आठवड्यात तेथील लेखनिकाला भेटा, नाव सांगा, नम्रपणे विचारा. दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, परीक्षेच्या अर्जाची मुदत केव्हा संपते, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पडताळणी कोण करतो, हे प्राध्यापकांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. दुसरा आधार म्हणजे एक वर्ष पुढे असलेला विद्यार्थी. कोणत्या पेपरला कोणते पुस्तक खरोखर लागते, हे तो पाच मिनिटांत सांगेल. मात्र त्याने सांगितलेल्या तारखा आणि नियम तसेच धरून बसू नका. ते फलकावर जाऊन ताडून पाहा. नियम बदलतात, सांगणाऱ्याची आठवण बदलत नाही.

दुसरी गोष्ट, कोणते काम कोठे होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याचा पसारा आज दोन ठिकाणी विभागलेला आहे. कुलगुरूंचे आणि कुलसचिवांचे कार्यालय फोर्टात, राजाबाई टॉवरच्या आवारात आहे. बहुतेक पदव्युत्तर विभाग सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याच्या विद्यानगरीत आहेत, आणि परीक्षा भवनही तेथेच आहे. गुणपत्रिकेतील नावाची चूक दुरुस्त करायची म्हणून एखादा मुलगा फोर्टला जातो, तेथून त्याला कलिन्याला पाठवतात, तोपर्यंत खिडकी बंद झालेली असते. एक दिवस गेला, भाडे गेले, आणि मन खट्टू झाले ते वेगळेच. निघण्यापूर्वी विभागात विचारले असते तर हे टळले असते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या मुलांनी हेही ध्यानात ठेवावे की, विद्यापीठाचे उपपरिसर रत्नागिरी आणि ठाणे येथे आहेत. आपले काम तेथे होते का, हे आधी विचारून घ्यावे. जे दुसऱ्या विद्यापीठातून येतात, त्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र यांची चौकशी प्रवेशाच्याच दिवशी करावी. ही कागदपत्रे राहून गेली तर निकाल अडकतो.

आता माझा आवडता विषय, म्हणजे ग्रंथालय. विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. ओळखपत्र हाती पडताच तेथे जाऊन सभासद व्हा. आणि संदर्भ विभागातील माणसाला प्रश्न विचारायला लाजू नका. विचारणाऱ्याला पुस्तक शोधून देणे हेच त्याचे काम आहे. मी पाहिले आहे की, आपली मुले, विशेषतः मुली, तासन्‌तास कपाटांपुढे उभी राहतात पण विचारीत नाहीत. इंग्रजी नीट बोलता येत नाही याचा संकोच वाटतो. मराठीत विचारा, हिंदीत विचारा, उर्दूत विचारा. पण विचारा.

विद्यापीठाबाहेरही मुंबई शहर हे मोठे ग्रंथालयच आहे. फोर्टातील टाऊन हॉलमध्ये १८०४ साली सुरू झालेली एशियाटिक सोसायटी आहे. त्याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांपैकी हे एक होय. मराठी पुस्तकांसाठी १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. उर्दू, फारसी, अरबीच्या विद्यार्थ्यांनी अंजुमन-इ-इस्लामची करीमी लायब्ररी आणि जामा मशिदीचा कुतुबखाना पाहावा. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रंथालय आहे. यांपैकी काही ठिकाणी सभासदत्व लागते, काही ठिकाणी विभागप्रमुखांचे पत्र पुरते. ते पत्र आधीच घेऊन ठेवावे.

घरी बसूनही पुष्कळ मिळते. भारतातील विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावर पूर्वी कोणी काय काम केले, हे तेथे सहज समजते. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही खुले आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना खुली झाली आहेत. ती कशी वाचायची, हे ग्रंथपालांना विचारा. मोबाईल प्रत्येकाच्या हाती आहेच, तो या कामीही येऊ द्या.

तिसरी गोष्ट, पैशाची. येथे जुनी माहिती फार घात करते. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपचे नाव अजूनही पुष्कळ पालक घेतात. ही योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर कोणी संशोधनाचे गणित मांडू नये. संशोधनाकडे जायचे असेल तर ‘नेट’ परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन वृत्ती मिळविण्याची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच करावी. राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या संकेतस्थळावर आहेत आणि तेथे अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी योजनाही आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. त्याची चौकशी जिल्ह्याच्या कार्यालयात करता येते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा आपल्या कित्येक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. ज्यांना हे लागू आहे त्यांनी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला करून ठेवावा. याचे महत्त्व किती, ते पाहा. २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत या वर्गातील मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते. दाखला नसेल तर ही सवलत तुमच्या दारावरून निघून जाईल.

येथे मी पालकांना एक विनंती करतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते ही कामे मुलाची नाहीत, तुमची आहेत. दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि तुम्ही गावात आहात. माझ्या पाहण्यात एक मुलगी होती. गुण उत्तम, वर्तन उत्तम. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा निघाला, म्हणून अर्ज परत आला. नवा दाखला येईपर्यंत मुदत संपली. फी भरण्यास घरी पैसे नव्हते. तिने अभ्यास सोडला, आणि तिच्या मागच्या दोघी बहिणींना घराने पाठविलेच नाही. एका कागदाने तीन मुलींचे शिक्षण थांबले.

चौथी गोष्ट, राहणे आणि सुरक्षितता. वसतिगृहाच्या जागा थोड्या असतात, म्हणून प्रवेश अर्जाबरोबरच वसतिगृहाचाही अर्ज करावा. लोकलच्या सवलतीच्या पाससाठी लागणारा फॉर्म आपल्या संस्थेतूनच मिळतो. मुलगी परक्या शहरात एकटी कशी राहील, ही आईवडिलांची काळजी मी समजू शकतो. त्यांना माझे सांगणे आहे की, कायद्याने काही आधार दिलेले आहेत, त्यांची माहिती करून घ्या. प्रत्येक विद्यापीठात स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १८००-१८०-५५२२. विभागाच्या कार्यालयाचा आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांचा क्रमांक घरी लिहून ठेवा. आणि एखाद्या दिवशी मुलगी रडत फोन करील, तेव्हा “सामान बांध आणि ये” असे लगेच म्हणू नका. “विभागात कोणाला विचारलेस का?” असे आधी विचारा. पहिले दोन-तीन महिने सर्वांनाच जड जातात.

शेवटी एक इतिहासातील गोष्ट सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इंटर झाले तेव्हा पुढे शिकविण्याची घरची ऐपत नव्हती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होतकरू मुलांना मदत करण्यास तयार आहेत, हे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांना माहीत होते. त्यांनी भीमरावांना महाराजांपुढे नेले आणि शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धी बाबासाहेबांची होती, पैसा महाराजांचा होता. पण दोघांची गाठ घालून देणारा माणूस लागलाच.

आपल्या समाजाला अशा माणसांची गरज आहे. म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना मी एक सूचना करतो. कॉलेजच्या ग्रंथालयात एक नोंदवही ठेवावी. जो विद्यार्थी बाहेर शिकायला जाईल त्याने सुट्टीत आल्यावर तीत चार ओळी लिहाव्यात : कोणते कागद लागले, कोणत्या तारखेला, कोठे राहिलो, कोणी मदत केली. प्रत्येक नोंदीखाली वर्ष लिहावे, म्हणजे जुनी माहिती कोणती ते कळेल. या कामाला देणगी लागत नाही. शंभर पानांची एक वही पुरे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, त्या वहीतील पहिले पान तुम्ही लिहायचे आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी ते वाचायला येईन.