परावटू ग्रंथी आणि हाडांतील चुना
(नेसरी येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



हाडे दुखू लागली की अंगात चुना कमी पडला, असा आपल्या घरोघर समज आहे. कोणी गडहिंग्लजला निघाले की त्याच्याकरवी कॅल्शियमच्या गोळ्या मागविल्या जातात. हा समज पुष्कळदा खराही असतो. तो खोटा ठरतो त्या प्रसंगाविषयी आम्ही बोलणार आहोत.

गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटू ग्रंथी असतात. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठलेले असते. रक्तातील अंश अत्यल्प, परंतु हृदय, स्नायू व मज्जातंतू यांचा व्यवहार त्यावरच चालतो. हाडे ही घरची कणगी आणि रक्तातील कॅल्शियम हा रोजचा शिधा, असे समजावे. शिधा उणा पडला की या ग्रंथींचा स्राव कणगीतून कॅल्शियम काढवितो, मूत्रपिंडांस ते राखावयास लावतो आणि ड जीवनसत्त्वाकरवी आतड्यांतून अधिक शोषवितो. शिधा पुरेसा झाला की ग्रंथी हात आवरतात.

विकारात हा हातच आवरत नाही. बहुधा एकाच ग्रंथीत साधी गाठ वाढते. ती क्वचितच कर्करोगाची असते. मग कणगी रिती होते आणि शिधा ओसंडतो. हाडे ठिसूळ होतात, मुतखडा पुन्हा पुन्हा होतो, तहान, बद्धकोष्ठ, थकवा व औदासीन्य मागे लागते. हा विकार स्त्रियांत अधिक. आणि आपल्याकडे बाईमाणसाच्या दुखण्यास ‘वय झाले’ हेच निदान पुरेसे मानतात!

१९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल या शल्यविशारदापुढे हाडे झिजलेला एक ट्राम-कामगार होता. ग्रंथी दुबळ्या असाव्यात म्हणून मांडलने प्रथम त्यास ग्रंथींचा अर्क दिला, दुसऱ्याच्या ग्रंथीही बसविल्या. गुण आला नाही. अखेर गळा उघडून वाढलेली गाठच काढली, तेव्हा वेदना शमल्या. पुढे काही वर्षांनी विकार उलटला, ही गोष्ट वेगळी.

म्हणून मुतखडा वारंवार होत असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर रक्तातील कॅल्शियम तपासावयास डॉक्टरांस विनवावे. ते अधिक निघाल्यास परावटू स्रावाचीही तपासणी करावी. कॅल्शियम वाढूनही स्राव दबलेला नसेल, तर संशय या ग्रंथींवर जातो. दूध मात्र आपल्या मनाने तोडू नये. अनुभवी शल्यविशारदाने गाठ काढली की बहुतेक रोगी बरे होतात. त्यानंतर काही काळ रिती हाडे रक्तातील कॅल्शियम अधाशीपणे ओढून घेतात. तेव्हा त्याच गोळ्या डॉक्टरांस स्वतः द्याव्या लागतात.