वायझर घराण्याचा माग



इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे उभे राहतात, लढाया येतात, तहांच्या तारखा येतात. पण ज्याने आयुष्यभर नांगर धरला किंवा पाव भाजले, त्याचा इतिहास कोणी लिहावयाचा? तो लिहिता येतो का? येतो. मात्र तो आयता मिळत नाही. जंगलात पावलांचे ठसे पाहत जावे, तसा त्याचा माग काढावा लागतो. आज मी तुम्हांला असाच एक माग सांगणार आहे. हे घराणे जर्मनीतले. तिथून ते अमेरिकेत गेले, आणि तेही अमेरिका इंग्रजांची वसाहत होती त्या काळात. घराण्याचे नाव वायझर.

जर्मनीच्या दक्षिणेला व्यूर्टेंबर्ग नावाचा प्रांत आहे. तिथल्या ग्रॉसआस्पाख या गावचा योहान कॉनराड वायझर हा आधी सैन्यात नाईक होता आणि पुढे पाव भाजण्याचा धंदा करू लागला. त्या मुलखाने फ्रेंच फौजांच्या स्वाऱ्या सोसल्या होत्या. त्यात १७०९ चा हिवाळा असा कडक पडला की नद्या गोठल्या, द्राक्षमळे आणि फळझाडे जळून गेली. त्याच वर्षी वायझरची बायको वारली. घरात लहानमोठी मुले. इंग्लंडची राणी ॲन अमेरिकेत फुकट जमीन देते आहे, अशी वार्ता तेव्हा गावोगाव पसरली होती. वायझरने पोरे बरोबर घेतली आणि ऱ्हाईन नदीची वाट धरली. लग्न झालेली थोरली मुलगी मात्र गावातच राहिली.

तो एकटाच निघाला होता असे समजू नका. त्या एका वर्षात सुमारे १३,००० माणसे अशीच लंडनला जाऊन पोहोचली. शहराबाहेरच्या माळावर तंबू ठोकून त्यांना ठेवावे लागले. इंग्रज त्या साऱ्यांना सरसकट 'पॅलाटाईन', म्हणजे पॅलाटिनेट प्रांतातले लोक, म्हणू लागले. माग काढणाराचा पाय पहिल्यांदा घसरतो तो इथे. कागदावर 'पॅलाटाईन' दिसले की तो त्या प्रांतातली गावे धुंडाळू लागतो. आणि आपला वायझर तर व्यूर्टेंबर्गचा! दुसऱ्याने चिकटवलेले नाव आणि माणसाचे खरे गाव, या दोन गोष्टी वेगळ्या.

इंग्रज सरकारने या लोकांपैकी सुमारे ३,००० जणांना १७१० साली न्यूयॉर्कला पाठवले. ते दानधर्म म्हणून नव्हे. इंग्रजांच्या आरमाराला डांबर हवे होते. गलबतांच्या फळ्यांतल्या फटी बुजवायला डांबर लागते, आणि ते बाल्टिक समुद्राकडच्या देशांतून विकत घ्यावे लागे. तेव्हा असे ठरले की, हडसन नदीकाठच्या पाइन वृक्षांपासून या लोकांनी डांबर काढावे, प्रवासाचा आणि खाण्याचा खर्च त्यातून फेडावा, आणि फिटल्यावर माणशी ४० एकर जमीन मिळवावी. वाटेत जहाजांवर तापाची साथ आली आणि शेकडो माणसे समुद्रातच गेली. जे पोहोचले त्यांच्या हाती कुऱ्हाडी दिल्या. पण तिथली झाडे त्या कामाची नव्हती, आणि द्राक्षमळे राखणाऱ्या माणसांना डांबराची विद्या कुठली? दोन वर्षांत सारे बारगळले. सप्टेंबर १७१२ मध्ये गव्हर्नर रॉबर्ट हंटर याने शिधा बंद केला आणि तोंडावर हिवाळा असताना लोकांना 'आपापले पाहा' म्हणून सांगितले.

आता तुम्ही विचाराल, तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी जंगलात कोण राबत होते हे आज कसे कळते? हंटरने शिधा फुकट दिला नव्हता. कोणत्या घराला किती दिले, त्या घरात दहा वर्षांवरची माणसे किती, दहाखालची किती, हे त्याचे कारकून लिहीत होते. कारण पुढे वसुली करावयाची होती. वसुली कधी झालीच नाही, पण ते हिशेब लंडनच्या सरकारी दप्तरात राहिले. मृत्यूची नोंद नाही, दफनाची खूण नाही, अशा कित्येक माणसांचा ठावठिकाणा आज एवढ्यावरूनच लागतो. घरातला आकडा एका यादीतून दुसऱ्या यादीत एकाने कमी झाला की समजावे, कोणीतरी गेले किंवा कोणालातरी नेले. ज्या वहीने त्यांना कर्जदार केले, त्याच वहीने त्यांचे नाव जिवंत ठेवले.

'नेले' असे मी मुद्दाम म्हणालो. अनाथ आणि गरीब मुलांना हंटरने परक्यांच्या घरी कराराने कामाला बांधून दिले. त्यांचीही यादी आहे: मुलाचे नाव, वय, आईबापाचे नाव, मालकाचे नाव. वायझरचे दोन मुलगे असे लाँग आयलंड बेटावर गेले, आणि बाप जिवंत असताना गेले. याच यादीत एका विधवेचा मुलगा आहे, योहान पीटर झेंगर. त्याला विल्यम ब्रॅडफर्ड या मुद्रकाकडे बांधले होते. तो पुढे स्वतः मुद्रक झाला. गव्हर्नरवर टीका छापली म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला, आणि १७३५ साली ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात तो खटला गाजलेला आहे. यादीतल्या एका ओळीत एवढा मोठा माणूस दडलेला असू शकतो!

वायझर घराण्याकडे परतू. थोरल्या कॉनराडचा मुलगाही कॉनराडच. शिधा बंद झाला त्या हिवाळ्यात बापाने या सोळा वर्षांच्या मुलाला मोहॉक या मूळ रहिवासी लोकांच्या गावी भाषा शिकायला पाठवले. तिथे थंडी आणि उपासमार त्याने पुरेपूर भोगली. पण भाषा शिकला आणि माणसेही ओळखायला शिकला. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने आपली हकीगत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. सरकारी कागद 'किती' ते सांगतो. 'कसे' ते घरातल्या माणसानेच लिहावे लागते.

हे लोक पुढे स्कोहारी नावाच्या खोऱ्यात गेले. मोहॉकांशी बोलणी करून त्यांनी जमीन कसली. पण सरकारी सनद निघाली ती ऑल्बनीच्या धनिकांच्या नावे. थोरला वायझर १७१८ साली दाद मागायला लंडनला गेला. वाटेत चाच्यांनी लुटले, लंडनमध्ये कर्जापायी तुरुंग पाहावा लागला, आणि हाती काही न लागता तो परत आला. १७२३ पासून काही कुटुंबांनी सस्क्वेहाना नदीने पेन्सिल्वेनियाचा रस्ता धरला आणि तुल्पेहॉकन येथे वस्ती केली. धाकटा कॉनराड १७२९ मध्ये तिथे गेला.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुल्पेहॉकनची जमीन मोकळी नव्हती. ती लेनापी लोकांची होती. त्यांचा मुखिया सासूनन याने १७२८ साली फिलाडेल्फियात तक्रार केली की, जमीन आम्ही विकलेली नसताना हे लोक येऊन बसले आहेत. तिची खरेदी झाली ती १७३२ मध्ये, म्हणजे वस्ती झाल्यानंतर. स्कोहारीत ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्याच हातून पुढे दुसऱ्यांची जमीन गेली. घराण्याचा इतिहास लिहिताना हे पान फाडून टाकता येत नाही. कॉनराड पेन्सिल्वेनिया सरकारचा दुभाषी झाला, आणि कित्येक वर्षे वसाहतकार आणि मूळ रहिवासी यांच्यातील तहांमध्ये तोच दोघांच्या मध्ये उभा होता. १७६० साली तो वारला.

त्याची मुलगी आना मारिया हिचे १७४५ साली हेन्री मेल्खिओर म्यूलेनबर्ग या धर्मोपदेशकाशी लग्न झाले. म्यूलेनबर्ग हा जर्मनीतल्या हाले येथील संस्थेने पाठवलेला. मराठी श्रोत्यांनी इथे जरा कान द्यावा. याच हालेहून तमिळ मुलखातल्या तरंगमबाडीलाही धर्मोपदेशक येत. त्यांच्यापैकी श्वार्ट्झ याने तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजी राजांचा लहानपणी सांभाळ केला आणि त्यांच्या शिक्षणाची सोय लावली. म्हणजे एकाच संस्थेचा एक माणूस कॉनराड वायझरचा जावई झाला आणि दुसरा एका मराठी राजाचा गुरू! आना मारियाचा मुलगा पीटर हा वॉशिंग्टनच्या सैन्यात सेनापती झाला. दुसरा मुलगा फ्रेडरिक १७८९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती झाला. पाव भाजणाऱ्याचा पणतू सभापती!

असा माग काढणे सोपे मात्र नाही. एक तर ही माणसे पोरांना नावे ठेवत ती 'योहान' लावून. चार भाऊ असतील तर चौघेही योहान. हाक मारावयाची ती दुसऱ्या नावाने. मग इंग्रज कारकून ऐकू येईल तसे लिहिणार. पुढे कोणी म्युलरचा मिलर झाला, तर कोणी त्सिमरमान, म्हणजे सुतार, नावाचे भाषांतर करून कार्पेंटर झाला. याद्याही सर्वांच्या नाहीत. फिलाडेल्फिया बंदरात १७२७ पासून परदेशी उतारूंकडून शपथेवर सह्या घेत, पण त्या सोळा वर्षांवरील पुरुषांच्याच. बायका आणि मुले त्यांत बहुधा नाहीतच. आणि १७१० साली न्यूयॉर्कला उतरलेला वायझर तुम्ही तिथे जन्मभर शोधलात तरी सापडणार नाही.

मग अभ्यासक काय करतात? ते एका माणसाला सोडून त्याच्या शेजाऱ्यांना धरतात. एका गावची माणसे एकत्र निघतात, एकमेकांच्या पोरांच्या बाप्तिस्म्याला साक्षी राहतात. अमेरिकेतल्या चर्चच्या वहीत ज्यांची नावे शेजारी शेजारी, ती जर्मनीतल्या कोणत्या गावच्या वहीतही शेजारी आहेत, ते पाहावयाचे. हेन्री जोन्स यांनी वर्षानुवर्षे हे काम करून १७१० च्या ८४७ कुटुंबांवर मोठा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या बऱ्याच कुटुंबांचे मूळ गाव त्यांना सापडले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात इतिहास शिकवताना मुलांना यातल्या तीन गोष्टी जरूर सांगाव्यात. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही. गाव, वय, शेजारी जुळले पाहिजेत. प्रत्येक कागद कोणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो; तो हेतू आधी ओळखावा. आणि कागदात कोण आहे हे वाचून झाले की, कोण नाही हेही विचारावे. वायझरच्या बायकोचे नाव आज कळते ते मुलाने लिहिले म्हणून. जिच्या मुलाने काही लिहिले नाही, ती आई हंटरच्या वहीत नुसता एक आकडा होऊन राहिली आहे.